चौथी पुरवणी

“झालं. पूर्णविराम. पुढचा प्रश्न,” ताई म्हणाली, आणि लेखनिकाने मान हलवली. मान हलवलेली तिला दिसत नाही, हे त्याच्या दर वेळी उशिरा लक्षात यायचं. तो घाईघाईने “हो” म्हणाला आणि लिहीतच राहिला.

ताई जन्मापासून आंधळी. पेपर नागरिकशास्त्राचा. ती सांगणार, तो लिहिणार. बोलण्याचा इतरांना त्रास नको म्हणून दोघांना तळमजल्यावरची नकाशे ठेवायची खोली दिली होती. दाराशी पर्यवेक्षिका बाई खुर्चीत पेंगत होत्या. बाहेर पायरीवर ताईचे वडील बसले होते. शिंपीकाम करणारा माणूस, आज दुकान बंद ठेवून आलेला. “दोनदा नापास झालीय,” सकाळी ते लेखनिकाला म्हणाले होते. “ही शेवटची संधी. पास झाली तर शिक्षिका होईल. नाहीतर जन्मभर माझ्या दुकानात बटणं लावत बसेल.”

ते ऐकून लेखनिकाचा जीव कळवळला. कॉलेजच्या सेवा पथकातला हा गडी. नदीकाठ साफ करायचा असो की रक्तदान, सगळ्यात पुढे. याला झोपेतून उठवलं तरी झाडू शोधेल, असं मित्र चिडवायचे. लेखनिक त्या विषयाचा नसावा, या नियमाप्रमाणे तो शास्त्र शाखेचा. पण नागरिकाची कर्तव्यं त्याला कोण शिकवणार?

ही दोनदा का नापास झाली, ते आपल्याला पहिल्याच उत्तराला कळलं असं त्याला वाटलं. किती कोरडं सांगते! प्रश्न मतदाराच्या कर्तव्यांचा होता. ती म्हणाली, “आपलं मत आपणच द्यावं. कुणी कितीही आपुलकीने मागितलं, तरी ते त्याच्या हाती सोपवू नये.” बस्स, एवढंच. याला मार्क कोण देणार? त्याने लिहिलं, ‘राष्ट्राच्या उभारणीत सुजाण नागरिकाचा वाटा सिंहाचा असतो,’ आणि मग पेन सुसाट सुटलं. त्या ओघात ताईची दोन वाक्यं लिहायची राहूनच गेली. पुढच्या उत्तरांचंही तेच झालं. बिचारीचं कल्याण करतोय, या विचाराने त्याला हुरूप येत होता.

“भाऊ, मी एवढुसं सांगते. तुम्हाला इतका वेळ का लागतो?” मध्येच तिने विचारलं.

“अक्षर नीट काढतोय, ताई.”

वेळ संपत आल्याची घंटा झाली. ताईने हात पुढे केला. “आणा इकडे. पुरवण्या मीच बांधते. तेवढं तरी माझ्या हाताने होऊ दे.”

तिने कागद टेबलावर आपटून सारखे केले. कडांवरून बोटं फिरवली. बोटं थांबली.

“चार? माझ्या बोलण्याने चार पुरवण्या कशा भरतील?”

“माझं अक्षर मोठं आहे.”

तिचा चेहरा उतरला. “मतदाराचं उत्तर वाचून दाखवा बरं.”

लेखनिकाचं धाबं दणाणलं. कागदावर राष्ट्राची उभारणी चालली होती. त्याने नजर कागदावरच ठेवली आणि आठवून आठवून बोलू लागला, “आपलं मत आपणच द्यावं. कुणी कितीही आपुलकीने मागितलं, तरी ते त्याच्या हाती सोपवू नये.” शब्द न् शब्द तिचा होता. कागदावर त्यातला एकही नव्हता.

ताईने सुटकेचा श्वास सोडला. दोरा ओवला, घट्ट गाठ मारली. “उगाच शंका घेतली, रागावू नका हं,” ती म्हणाली. “मागच्या निकालानंतर बाबांनी माझे दोन्ही वेळचे तपासलेले पेपर मागवले आणि मला वाचून दाखवले. पानंच्या पानं नुसतं भाषण. वर तपासणाऱ्यांचा शेरा, मुद्दा सोडून पाल्हाळ. त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं, भाऊ. लिहिणाऱ्यांना माझी दया आली होती.”

लेखनिकाची नजर चार पुरवण्यांवर गेली. सांगून टाकावं, अजून वेळ आहे, असं त्याला आतून वाटत होतं. पण सांगायचं म्हणजे आत्ताचं वाचन खोटं होतं, हेही सांगायचं. जीभ रेटेना. शेवटची घंटा झाली. पर्यवेक्षिका बाई जांभई देत आल्या, ताईच्या हातून पेपर घेतला आणि निघून गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून वर गेला आणि विरला.

वडील पायरीवरून धडपडत उठले. “कसा गेला गं?”

ताईने लेखनिकाचा हात धरला होता. त्याला तिने वडिलांसमोर ओढत आणलं. इतकं मोकळं हसताना त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं.

“बाबा,” ती म्हणाली, “या वेळी पेपर मी लिहिला.”