ब्रास बटन रॅगची नक्कल

कागदांची अदलाबदल होणार तेवढ्यात धोंडीराम मास्तरांनी हात मागे घेतला.

"आधी खात्री करू," ते म्हणाले. "मग न्या."

इगतपुरीतली ही त्यांच्या बँडची खोली. बाहेर पाऊस चार दिवस थांबला नव्हता. आत दोरीवर लाल कोट वाळत घातले होते, म्हणजे नुसतेच टांगले होते. कोटांखाली बाकावर बसलेले पाच वाजंत्री सावळीराम पगारेकडे टक लावून पाहत होते.

सावळीराम ओझरच्या विमान कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. नाशिकला घरी त्याची एक पत्र्याची ट्रंक होती आणि ट्रंकेत रॅगटाइमचे सदतीस कागद. रॅगटाइम म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या वादकांनी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी रूढ केलेलं पियानोचं ठेकेबाज संगीत, आणि कागद म्हणजे त्याची चार-चार पानी छापील नोटेशनं. तीही पहिल्या छपाईची. देवळालीच्या एका लिलावात पहिला कागद त्याने घेतला तो नुसता वरच्या चित्रासाठी. पण बारा वर्षांत तो असा तयार झाला, की छापखान्याच्या पत्त्यावरून आणि शाईच्या रंगावरून पहिली छपाई ओळखायचा. पाहुणे आले की ट्रंक उघडायचा. पाहुणे लवकर उठायचे.

'ब्रास बटन रॅग' या रचनेचा कागद मात्र कुठे मिळत नव्हता. तो दिसला एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात, कारखान्यातल्या खंडेरावच्या लग्नात. मांडवात बँड बसला होता आणि क्लॅरिनेट वाजवणाऱ्या मास्तरांच्या स्टँडवर तो कागद उभा होता. बँड काय वाजवत होता ते सावळीरामला पुढे आठवेना. तो भरल्या पानावरून उठून कागदासमोर जाऊन उभा राहिला होता.

मास्तरांचे वडील रेल्वेच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात वाजवत. साहेब गेले, कागद राहिला. मास्तर काही तो सोडायला तयार होईनात. "कागदाबिगर आमाला बँड कोन म्हनंल? पिपाणीवाले म्हनतील." शेवटी अट ठरली. सावळीरामने इथेच बसून हुबेहूब नक्कल करायची, ती द्यायची आणि अस्सल न्यायचा.

नक्कल हा तर त्याच्या हातचा मळ. तीन रविवार तो सकाळच्या पॅसेंजरने आला. विमानाच्या पंखाचं ड्रॉइंग करावं तशी त्याने टिंबाला टिंब आणि काडीला काडी जुळवली. आजचा चौथा रविवार.

"तुम्ही यातले जाणकार," मास्तर म्हणाले. "नक्कल समोर धरा आन् चार ओळी गुणगुणून दाखवा. बरोबर असंल तर आमाला लगेच कळंल."

पाची जण पुढे सरकले. सावळीरामने कागद समोर धरला. घसा खाकरला. हा कागद कोणत्या गावी, कोणत्या गल्लीत छापला ते त्याला पाठ होतं. त्यावरची टिंबं काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं. बारा वर्षांत त्याला हे कोणी विचारलंच नव्हतं. उगाच काहीतरी गुणगुणावं असं मनात आलं, पण समोर सगळे वाजवणारे.

"मास्तर, जरा एकट्याशी बोलायचं होतं."

मास्तरांनी पाची जणांना चहाला पिटाळलं. दाराला कडी घातली.

"मला हे वाचता येत नाही," सावळीराम म्हणाला. त्याचे कान तापले होते. "एक अक्षरसुद्धा."

मास्तरांनी दाराची कडी पुन्हा एकदा चाचपून पाहिली. मग त्याच्या शेजारी बाकावर टेकले.

"मलाबी नाय येत," ते हळूच म्हणाले.

"मग स्टँडवर कशाला लावता?"

"वडलांना यायचं. मी त्यांचं ऐकून शिकलो. पर हे पाची समजत्यात, मास्तर बघून वाजवतो. म्हणून तर ऐकत्यात माझं. नायतर लय अवघड हाय."

सावळीरामने मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं. मग, असे अडतीस कागद हाती लागल्यावर, त्याने प्रथमच विचारलं, "मास्तर, हे वाजतं कसं?"

मास्तरांनी नक्कल स्टँडवर लावली आणि क्लॅरिनेट ओठाला लावलं. सूर अडखळल्यासारखे करत निघाले, पडतील पडतील म्हणता सावरले आणि उड्या मारत पुढे गेले. सावळीरामचा पाय आपोआप हलायला लागला. कागदावर हेच लिहिलंय की भलतंच काही, हे सांगणारं त्या खोलीत कोणी नव्हतं. त्याला त्याचं काही वाटेना.

तेवढ्यात खिडकीत पाच ओली डोकी दिसली.

मास्तरांनी न थांबता, गंभीरपणे, पान उलटलं. सावळीरामने मान डोलावली.

"अगदी बरोबर जागी," तो खिडकीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला.