विंडमोर मोटार

शैलेंद्र कोरान्ने जुन्या मोटारींवर पुस्तकं लिहायचे. कुणीतरी मोबाइलवर पाठवलेला एक फोटो त्यांनी मोठ्या हौसेनं पुस्तकात छापला होता: फेटेवाले दोघे ऐटीत मोटारीत बसलेले, आणि मोटारीच्या नाकावर नाव, ‘विंडमोर’. आज तोच फोटो भोपाळच्या अरेरा कॉलनीत, इंदुमतीबाईंच्या हॉलमध्ये चंदनाचा हार घालून टांगलेला पाहून त्यांना खरं सांगणं जिवावर आलं. पण सांगणं भागच होतं.

“काकू, माफ करा. विंडमोर नावाची कंपनी जगात कधी नव्हतीच. ही मोटार नाही, फळीवर रंगवलेलं चित्र आहे. स्टुडिओवाले तिच्यामागे गिऱ्हाइकाला बसवून फोटो काढायचे. हे दिवे बघा, चक्क टांग्याचे आहेत! आणि मी दहा वर्षं हिला खरी समजत होतो.”

“तुम्ही? एवढे जाणकार?” इंदुमतीबाईंचा चेहरा एकदम खुलला. “आणि तुमचे वाचक?”

“तेही फसले. वाईट वाटतं हो. तुमच्या घराण्याची आठवण ही... यातले तुमचे आजोबा कोणते?”

इंदुमतीबाईंनी पदरानं फोटोची काच पुसली.

“यातलं आमचं कुणी नाही, शैलेंद्रजी. हे दोघं कोण, देव जाणे. आजोबा ग्वाल्हेरच्या त्या स्टुडिओत रंगारी होते. ही रंगवेपर्यंत खरी मोटार त्यांनी डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती.”

मग हार सरळ करत म्हणाल्या,

“हार मोटारीला आहे.”