राहून गेलेला दोन

सबनीस सरांनी पेन्सिल खाली ठेवली. पुन्हा करून पाहिलं, तरी गणित तेच सांगत होतं.

अवकाश सलग नाही, कणाकणांचं आहे, हा सरांचा सिद्धांत. कुणा अनोळखी मुलीनं दूरच्या ताऱ्यांच्या प्रकाशावर तो तपासून पाहिला होता आणि तिच्या शोधनिबंधात तो जेमतेम टिकला होता. नियतकालिकानं निबंध परीक्षणासाठी नेमका सरांकडेच पाठवला होता. परीक्षक कोण, हे लेखकाला कधी कळवत नाहीत.

तिच्या एका समीकरणात दोननं गुणायचं राहून गेलं होतं. गुणलं की सिद्धांत संपत होता. ही चूक सहज कुणाच्या लक्षात येण्यासारखी नव्हती. आजवर प्रत्येक नव्या निरीक्षणानंतर सरांनी सिद्धांताला एक ठिगळ लावलं होतं. या वेळी तर तेही लावायची गरज नव्हती, सिद्धांत वाचवायला नुसतं गप्प बसायचं होतं. सरांनी गार झालेला चहा संपवला, चूक कळवली आणि खाली शेरा लिहिला, 'दुरुस्त करून छापावा.'

पुढे एका परिषदेत, जेवणाच्या रांगेत, ती मुलगी बिचकतच त्यांच्याजवळ आली.

"सर, माझ्या पहिल्या गणितात तुमचा सिद्धांत टिकत होता. त्या परीक्षकानं नेमकी चूक काढली. त्याचा तुमच्यावर राग असावा."

सरांनी एक ताट उचलून तिच्या हातात दिलं.

"राग कसला गं," ते म्हणाले. "दमला असेल बिचारा."