चार चकत्या

कोरी

"या चकतीभोवती वर्तुळच नाही," बाबा म्हणाले.

"नसायलाच हवं. नुसतं स्पिरिट लावून वाळवलेला कागद आहे तो."

मुलीने काचेची डिश उजेडात धरली. आत सायीसारखा पातळ थर. बाबांच्या तळपायाच्या जखमेतून कापसाच्या बोळ्यावर घेतलेले जंतू तिने इथेच प्रयोगशाळेत वाढवले होते, आणि त्यांच्यावर कागदाच्या चार चकत्या ठेवल्या होत्या. चकतीतलं औषध लागू पडलं, की तिच्याभोवतीचे जंतू मरून स्वच्छ वर्तुळ उरतं.

"म्हणजे हे माझे भाडेकरू."

"हो. आणि तेच तुमच्याकडे भाडं मागतायत. एक बोट."

डॉक्टर तेच म्हणाले होते : आणखी उशीर केलात तर बोट जाईल. बाबा म्हणाले होते, तुझी आई त्या हॉस्पिटलात चालत गेली, चालत आली नाही. मी आपला तिच्या कुंडीतला पाला बांधीन. शेवटी दोघांत ठरलं, डिश सांगेल ते ऐकायचं.

हॉस्पिटलची

हॉस्पिटलच्या औषधाभोवती मोठं, स्वच्छ वर्तुळ. आत एकही जंतू नाही.

शेजाऱ्याच्या नव्या गाडीकडे बघावं तसं बाबांनी त्याच्याकडे बघितलं.

पाल्याची

इथेही वर्तुळ. लहान, पण वर्तुळच.

"बघ. तुझी आई उगाच नव्हती लावत."

मुलीलाही तेच हवं होतं. तिने भिंग पुढे केलं.

"वर्तुळाच्या आत ठिपके दिसतायत?"

"दिसतायत. कसले?"

"जे मेले नाहीत ते. पाला खोटा नाही, बाबा. पुरा पडत नाही."

बाबांनी बराच वेळ भिंग खाली ठेवलं नाही.

बाटलीची

चौथ्या चकतीला जंतू अगदी खेटून वाढले होते.

"ही कशाची?"

मुलीने फळीवरून एक बाटली काढली. आत हिरवट गोळा. ना मूळ, ना पान. "ह्या गोळ्याच्या रसाची. आईच्याच झाडाचा आहे. पानाचा तुकडा कापून वाढवलाय, यातून पुन्हा झाड करता यावं म्हणून. तुम्ही रोज खुडून कुंडीत नुसती काठी ठेवलीत."

"मग ही का मारत नाही?"

"हिला ना ऊन लागलं, ना कीड. लढायची वेळच आली नाही, म्हणून तिने ते औषध बनवलंच नाही."

"म्हणजे बिनकामाची."

"औषध म्हणून, हो."

बाबा टेबलाला धरून उठले. दुखरा पाय जपून चपलेत सरकवला.

"हॉस्पिटलची पिशवी भरली असशील."

"सकाळीच."

"लबाड."

दारापर्यंत गेले आणि परत आले. बाटली उचलली.

"बाबा, ते औषध नाही."

"ऐकलं मी."

खिशात मावेना, म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांत धरली. मग झाकण दाबून पाहिलं.

"घट्ट आहे ना? तिथली हवा बरी नसते."