कोणाच्या नावानं?

जिवल्याला माती द्यायला सारा पाडा जमला, पण त्याच्या दोन्ही लेकांचं प्रार्थनेवरून जुळेना. बोईसरच्या ख्रिस्ती मंडळीत जाणारा कमलेश म्हणे, "पिता, पुत्र आनि पवित्र आत्मा, तिघांच्या नावानं करा, नायतर मी चाललो." चिंचणीच्या मंडळीतला भावेश म्हणे, "देव एकच हाय, येशू. तीन नावं घ्याल तर मी इथं थांबनार नाय."

शेवटी दोघंही आईकडे वळले. "आये, तूच कर."

जमुनाने हात जोडले. कोणतंही नाव घेतलं तरी एक लेक निघून जाणार, हे तिला कळत होतं.

"देवा, माझ्या मानसाला सांभाळ," एवढंच ती बोलली.

दोघेही डोळे मिटून प्रार्थनेच्या शेवटी यायच्या नावासाठी खोळंबले. आमेन कुणीच म्हटलं नाही.