एक पायरी खाली

धुक्यात बागेचं दुसरं टोक दिसत नव्हतं. बाकावर शेजारी बसलेल्या हेस्टरकडे तो मघापासून चोरून बघत होता.

“तुम्ही पाद्रीबुवांच्या कन्या ना?”

“हो, सरकार.”

“सरकार आमचे बाबा हो! ते अर्ल. मी त्यांचा थोरला, म्हणून नुसता व्हायकाउंट. एक पायरी खाली.”

“आणि तुमच्याशी जी लग्न करेल, ती?”

तो कानापर्यंत लाल झाला. “व्हायकाउंटेस. जेवायला आत जाताना अर्लांच्या बायका तिच्या पुढे, बॅरनांच्या मागे.”

“बॅरनबाई मागे? मग झालंच. जत्रेत त्यांनी माझ्या केकला नावं ठेवली होती.”

“अर्लची बायको, म्हणजे काउंटेस, व्हायला मात्र थांबावं लागेल. बाबा ठणठणीत आहेत, रोज घोड्यावर बसतात.”

“थांबेन की. मला कुठे घाई आहे?”

त्याने हळूच तिचा हात धरला. “मग मी... म्हणजे, तुमची हरकत नसेल तर...”

तेवढ्यात धुक्यातून नर्स आली. “काउंटेसबाई, अर्लसाहेबांच्या गोळ्यांची वेळ झाली.”

त्याने दचकून हात सोडला. “बाबा आले?”

बेचाळीस वर्षं काउंटेस असलेल्या हेस्टरने नर्सला खुणेनेच परत पाठवलं आणि त्याचा सुरकुतलेला हात पुन्हा हातात घेतला.

“नाही, कुणी आलं नाही. तुम्ही मला काहीतरी विचारत होतात.”