गेनोरचं बाक

कॉलेजमागच्या वेल्श चर्चमध्ये उंच सुरापासून खर्जापर्यंत चार पट्ट्यांत गाणारे लोक चार वेगळ्या कोपऱ्यांत बसतात. गेनोर वारल्यापासून तिचं बाक रिकामं होतं, आणि तिचा नवरा एम्लिन, गावातला सर्वांत खोल आवाज, आपल्या खर्जाच्या कोपऱ्यात नुसता बसायचा, गातच नव्हता.

"तोंडाला कुलूप लावलंस काय रे?" त्याच्या पुढच्या बाकावरून डिलिस मावशीनं टोचलं.

"गाईन मावशी. पण तिच्यासोबतच."

भजन रंगलं की शेवटचं कडवं पुन्हा गायचं, ही तिथली रीत. ते गाऊन सगळे थांबले. रिकाम्या बाकावरून गेनोरचा आवाज मात्र चालूच राहिला.

मग त्यात खर्ज मिसळला.

"गायलास एकदाचा," मावशी मागे न बघताच पुटपुटली.

एम्लिननं ओठ चाचपले. ते मिटलेले होते. खर्ज त्याचाच होता, आणि तो गेनोरच्या बाकावरून येत होता.